खलाशाचा अपघात आणि नौकामालकाची जबाबदारी

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण झाला की मालवण, सर्जेकोट, देवबाग, आचरा या किनाऱ्यावरील नौका नव्या हंगामाच्या तयारीला लागतात. इंजिनाची दुरुस्ती, जाळ्यांची डागडुजी, डिझेल, बर्फ, मासेमारी परवान्याचे नूतनीकरण या सर्वांचा हिशेब नौकामालकाच्या डोक्यात पक्का असतो. नौकेवर जाणाऱ्या खलाशांचा हिशेब मात्र बहुधा एका वहीतच असतो. नाव, गाव आणि दिलेली उचल, एवढीच त्यातील नोंद. हा खलाशी समुद्रात पडला, विंचमध्ये त्याचा हात सापडला किंवा तो परतलाच नाही, तर मालकावर कायद्याने नेमके काय येते? आणि हे आधीच विचारून घ्यायचे झाल्यास मालकाने जायचे कोणाकडे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याहून अवघड आहे.

मालवण किनाऱ्यावरचा मालक म्हणजे काही मोठा कारखानदार नव्हे. बँकेचे किंवा सोसायटीचे कर्ज काढून नौका बांधणारा, अनेकदा स्वतःच तांडेल म्हणून सुकाणू धरणारा, खलाशांबरोबर एकाच भांड्यातले जेवणारा असा तो माणूस असतो. आपण कोणाचे ‘नियोक्ते’ आहोत ही कल्पनाच त्याच्या मनात नसते. ‘आम्ही सगळे मिळून धंदा करतो’ ही त्याची भावना खोटी नाही. पण अपघातानंतर कायदा त्याला ज्या नावाने ओळखतो ते नाव वेगळे असते.

कामावर असताना झालेल्या अपघाताची भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व भारतात १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने आले आणि १ जुलै १९२४ पासून तो लागू झाला. कोणत्या कामावरील माणसाला भरपाई मिळेल याची यादी त्या कायद्याला परिशिष्ट म्हणून जोडलेली होती. काळाच्या ओघात ती वाढत गेली. समुद्रात मासे पकडण्याच्या कोणत्याही कामावर ठेवलेला माणूस त्या यादीत आला, तसा पाण्याखाली काम करणारा पाणबुड्याही आला. तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांना प्रवाळ दाखवायला घेऊन उतरणाऱ्या तरुणांच्या दृष्टीने ही दुसरी नोंद महत्त्वाची ठरते. काम नैमित्तिक असेल तर भरपाई नाही, ही जुनी पळवाट २००० सालच्या दुरुस्तीने बंद झाली. म्हणजे ‘तो आठच दिवसांपूर्वी आला होता’ हा बचाव गेली पंचवीस वर्षे उरलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. मूळ तत्त्व आणि यादीची पद्धत संहितेतही कायम आहे. भरपाईच्या या जबाबदारीसाठी किमान इतकी माणसे हवीत अशी अट तेव्हाही नव्हती, आजही नाही; नौकेवर दोनच खलाशी असले तरी ती लागू होते. त्या तारखेपूर्वी घडलेल्या अपघातांचे दावे जुन्या कायद्यानेच चालतात, हेही ध्यानात ठेवावे लागते. ज्या आस्थापनांना कर्मचारी राज्य विमा योजना लागू आहे तेथे मात्र भरपाईचा भार त्या योजनेकडे जातो.

येथे मालवणच्या मालकाचा नेहमीचा आक्षेप असतो तो वाट्याचा. खलाशाला पगार नाही, मासळीच्या विक्रीतून डिझेल-बर्फाचा खर्च वजा जाता वाटा मिळतो, मग तो नोकर कसा? उत्तर व्यवहाराच्या स्वरूपावर अवलंबून असते. पारंपरिक रापणीत संघाचे सदस्य आपापली जाळी जोडतात, एकत्र ओढतात आणि उत्पन्न वाटून घेतात. तेथे मालक आणि नोकर अशी विभागणी करणे कठीण असते. पण नौका, इंजिन आणि जाळी एकाची, कधी निघायचे आणि कोठे जायचे हा निर्णय त्याचा, आणि माणसाला कामावर ठेवण्याचा व काढण्याचा अधिकारही त्याचाच असेल, तर केवळ मोबदला वाट्याने दिला म्हणून तो भागीदार ठरत नाही. मोठ्या नौकांवर ठरलेला पगार आणि वर मासळीतला वाटा अशी मिश्र पद्धत असते. तेथे तर शंकेला जागाच राहत नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा दिला. त्याने वीज आणि कर्जातील सवलतींचा मार्ग खुला झाला, मालकाची ही जबाबदारी मात्र तसूभरही कमी झाली नाही.

आकडा किती होतो?

भरपाईचे गणित एकदा कागदावर मांडून पाहिले की विषयाचे गांभीर्य कळते. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास वेतनाच्या ६० टक्क्यांना गुणायचे. हिशेबासाठी धरायच्या मासिक वेतनाला कमाल मर्यादा असते. २०१० मध्ये ती ८ हजार रुपये होती, जानेवारी २०२० मध्ये ती १५ हजार रुपये करण्यात आली. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८ आहे. १५ हजार वेतन धरले तर त्याच्या मृत्यूची भरपाई १५ लाख ५९ हजार ८५० रुपये होते. चाळीस वर्षांच्या माणसासाठी गुणक १८४.१७, म्हणजे भरपाई १३ लाख ८१ हजार २७५ रुपये. वय जितके कमी तितकी रक्कम अधिक, कारण कमावण्याची गमावलेली वर्षे अधिक.

अंशतः अपंगत्वाचेही कोष्टक आहे. पूर्ण अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली असे मानतात, तर्जनी गेली तर १४ टक्के. विंचच्या ड्रमवर चढणाऱ्या दोराने अंगठा नेला आणि खलाशी तिशीचा असला, तर वरच्याच वेतनावर ही रक्कम ५ लाख ६१ हजारांच्या पुढे जाते. तात्पुरते अपंगत्व असेल तर दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम द्यावी लागते. उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकाकडेच येतो. २००९ च्या दुरुस्तीपूर्वी तो कायद्याने मालकावर नव्हता. लोकरीत म्हणून कोणी द्यायचे, कोणी टाळायचे. लहान बिगरयांत्रिक किंवा छोट्या इंजिनाच्या नौकेच्या मालकाला एका मृत्यूची भरपाई म्हणजे संपूर्ण नौकेच्या किमतीएवढी किंवा त्याहून जास्त होऊ शकते. अपघात झाल्यावर सल्ला घेण्याने हा भार हलका होत नाही. जे करायचे ते नौका बंदरातून सुटण्यापूर्वी करायचे असते.

‘आमचा विमा आहे’ हे वाक्य बंदरावर वारंवार ऐकू येते. तो विमा कोणता, हे मात्र पाहावे लागते. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून २०२०-२१ पासून मच्छीमारांना जो सामूहिक अपघात विमा मिळाला, त्यात मृत्यू वा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी अडीच लाख आणि रुग्णालयासाठी २५ हजार रुपयांची तरतूद होती आणि हप्त्याचा भार सरकारने उचलला होता. योजना चांगलीच, पण तो मच्छीमाराला मिळणारा कल्याणकारी लाभ आहे, मालकाच्या कायदेशीर जबाबदारीचा विमा नव्हे. नौकेचा विमा लाकडाचा, फायबरचा आणि इंजिनाचा असतो. मालकाच्या डोक्यावरील जबाबदारी उचलणारी कर्मचारी नुकसानभरपाई पॉलिसी वेगळी घ्यावी लागते आणि ती घेताना नौकेवरील माणसांची संख्या व वेतन खरे सांगावे लागते. हप्ता वाचवण्यासाठी आठ जणांच्या जागी पाच लिहिले, तर सहाव्या माणसाच्या वेळी पॉलिसीचा कागद आणि नौकेची वही समोरासमोर येतात. व्याजाच्या बाबतीतही पॉलिसीतील अटी वाचाव्या लागतात. ते न देण्याची अट विमा कंपनी घालू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केले. विलंबाबद्दलचा दंड तर मालकाच्या स्वतःच्या चुकीचा, तो त्यानेच भरायचा, असे १९९७ चा निकाल सांगतो.

हा दंड लहान नसतो. भरपाई अपघात झाला त्या दिवशीच देय होते, निकाल लागतो त्या दिवशी नव्हे. चित्रपटगृहात सजावटीचे काम करताना १९६८ मध्ये खाली पडून डावा हात गमावलेल्या एका सुताराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये हे स्पष्ट केले. एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून त्याचे अपंगत्व शंभर टक्के धरलेले योग्यच, असेही त्या निकालात आहे. जाळे ओढणाऱ्या खलाशाला हा न्याय लावला तर काय होईल, हे सांगण्याची गरज नाही. महिनाभरात रक्कम दिली नाही तर व्याज लागते (जुन्या कायद्यात ते १२ टक्के होते) आणि सबळ कारण नसल्यास भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत जादा रक्कम.

किनाऱ्यावर ‘मिटलेले’ प्रकरण

मृत्यूनंतर कोकणात सहसा काय होते? वाडीतील चार जाणती माणसे बसतात, मालक आणि घरचे समोरासमोर येतात, एक रक्कम ठरते, कागदावर सह्या होतात. त्यात मालकाचा हेतू वाईट असतो असे मुळीच नाही. अनेकदा तो ऐपतीबाहेर जाऊन पैसे देतो. परंतु कायद्याच्या नजरेत ही भरपाई दिलीच गेलेली नसते. मृत्यूची रक्कम सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते आणि तिचे वारसांत वाटप तोच करतो. तीन महिन्यांच्या वेतनाएवढी आगाऊ रक्कम तेवढी थेट देता येते व पुढे वजा होते. हक्क सोडून दिल्याचा करारही निरर्थक ठरतो. म्हणजे पंचांसमोर पाच लाख देऊन निश्चिंत झालेल्या मालकाकडे वर्षभराने पुन्हा पूर्ण रक्कम मागितली जाऊ शकते. नियमामागे कारण आहे. विधवा, अज्ञान मुले आणि वृद्ध आईवडील यांच्यात रक्कम कोणाच्या हाती पडावी हे दुःखाच्या घरात, नातेवाइकांच्या गराड्यात ठरू नये. एका चांगल्या सल्लागाराने मालकाला सांगावी अशी ही पहिली गोष्ट, आणि नेमकी हीच कोणी सांगत नाही.

दुसरा गैरसमज दारूबद्दल. खलाशी प्यालेला होता किंवा त्याने सांगितलेली सुरक्षा साधने वापरली नाहीत, हा बचाव कायद्यात आहे, पण तो किरकोळ दुखापतीपुरता. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर तो चालत नाही. ‘लाइफ जॅकेट दिले होते, त्याने घातले नाही’ या वाक्याने मालक त्या वेळी सुटत नाही.

समुद्रात हरवलेला माणूस

कारखान्यातील अपघाताला जागा असते, साक्षीदार असतात, पंचनामा होतो. समुद्र यातले काहीच मागे ठेवत नाही. नोव्हेंबर २००९ च्या फयान वादळाने आणि मे २०२१ च्या तौक्ते वादळाने कोकणच्या मच्छीमारांना हा अनुभव दिला. तौक्तेच्या वेळी तर देवगडच्या आनंदवाडी बंदरात आसऱ्याला आलेल्या नौकाही वाचल्या नाहीत आणि खलाशांचे बळी गेले.

१९६१ च्या डिसेंबरमध्ये आखाताच्या मार्गावरील ‘द्वारका’ या जहाजावरून एक डेकवरचा खलाशी रात्रीतून नाहीसा झाला. मृतदेह मिळाला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९६९ मध्ये तो फिरवला. माणूस कामावरच्या जहाजावरून नाहीसा झाला एवढ्यावरून तो कामामुळे झालेल्या अपघातात गेला असे गृहीत धरता येत नाही, काही तरी पुरावा हवा, असे न्यायालयाने म्हटले. हवामान कसे होते, तो कोठे उभा होता, त्याला कोणते काम दिले होते, या साध्या प्रश्नांच्या उत्तरांवर ते प्रकरण अडले. नौकेवर कोण कोण चढले आणि कोणाला कोणती पाळी होती याची रोजची नोंद असेल तर ती मालकाचे रक्षण करते, तशीच कुटुंबाचेही. ही नोंद नसेल तर बेपत्ता माणसाला मृत मानण्यासाठी सात वर्षे थांबण्याच्या सर्वसाधारण नियमाकडे कुटुंबाला बोट दाखवले जाते.

कामावर जाताना झालेल्या अपघाताचा प्रश्नही किनाऱ्याला जवळचा आहे. सौराष्ट्रातील एका मिठागराचे कामगार काम संपवून होडीने खाडी ओलांडताना बुडाले. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही वाट सार्वजनिक होती, कामाची जागा नव्हे, म्हणून भरपाई नाकारली. जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने उस्मानाबाद जिल्ह्यातील साखर कारखान्याच्या एका रखवालदाराच्या कुटुंबाला मात्र भरपाई मिळवून दिली. एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीवर मोटारसायकलने निघालेला तो माणूस कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर मरण पावला होता. निकाल यायला बावीस वर्षे लागली. घर ते कामाची जागा या प्रवासातील अपघात, वेळ, ठिकाण आणि परिस्थितीचा कामाशी संबंध दिसत असेल तर, कामावरचाच मानावा हे आता संहितेतही आहे. ट्रॉलर खोल पाण्यात नांगरलेला असतो आणि खलाशी लहान होडीतून त्याच्यापर्यंत जातात. ती होडी कोणाची, तिच्यात किती माणसे, जॅकेट किती, हा प्रश्न म्हणूनच मालकाचा आहे.

सल्ला द्यायचा कोणी?

कारखान्यांसाठी या देशात सल्ल्याची व्यवस्था जुनी आहे. १९४५ मध्ये केंद्र सरकारने कारखान्यांसाठी मुख्य सल्लागाराचे कार्यालय सुरू केले. त्यातूनच पुढे कारखाना सल्ला सेवा आणि श्रम संस्था महासंचालनालय उभे राहिले. मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्था त्याचाच भाग. ४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली आणि तो दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. राज्याचे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे. पण या सर्वांची नजर कारखाना आणि गोदी यांवर. अमोनियावर चालणारा बर्फ कारखाना किंवा वेंगुर्ल्याचा काजू कारखाना त्यांच्या कक्षेत येऊ शकतो. फळीवर घसरणारा खलाशी येत नाही. मालवणच्या सहायक मत्स्यव्यवसाय आयुक्तांकडे परवाना, विम्याचा अर्ज मत्स्यव्यवसायाच्या योजनेत, भरपाईचा दावा कामगार कायद्याखाली, शोधमोहीम तटरक्षक दलाकडे. सल्ला मात्र कोणाच्याच दाराशी नाही.

जर्मनीत १८८४ च्या अपघात विमा कायद्याने मालकांच्या व्यवसायनिहाय संस्था उभ्या केल्या. अपघाताची भरपाई त्याच देतात आणि त्यांचेच तंत्रज्ञ कामाच्या जागी जाऊन अपघात कसा टळेल हे सांगतात. पैसे देणारा आणि सल्ला देणारा एकच असल्याने सल्ला उपचारापुरता राहत नाही. आपल्या नव्या संहितांनीही निरीक्षकाला ‘निरीक्षक तथा सुलभकर्ता’ केले असून मालकांना व कामगारांना पालनाविषयी माहिती व सल्ला देणे हे त्याचे कामच ठरवले आहे. हा अधिकारी जिल्हा मुख्यालयातील टेबलावर बसून वाट पाहणार असेल तर बंदरावर काही बदलणार नाही. मालवणचा मालक ज्या जागी आपणहून जातो ती जागा म्हणजे मच्छीमार सहकारी सोसायटी. डिझेलच्या परताव्यासाठी तेथे त्याचे एकही कागदपत्र अपुरे नसते. हंगामाच्या आरंभी त्याच खिडकीवर खलाशांची यादी, पॉलिसीची प्रत आणि सुरक्षा साधनांची नोंद पाहिली गेली तर निम्मे काम होईल, आणि सामूहिक पॉलिसीचा हप्ता ठरवतानाही सोसायटीचा शब्द एकट्या मालकापेक्षा वजनदार राहील.

सुरक्षेचा सल्ला फार खर्चाचा असतो असेही नाही. रात्री एकटा माणूस नौकेच्या मागच्या टोकाला विधीसाठी जातो आणि तोल जाऊन पडतो, हे अनेक बुडण्यांचे कारण. तेथे कमरेएवढा कठडा आणि दुसऱ्याला सांगूनच जाण्याची सक्ती पुरते. कुजलेल्या मासळीच्या खणात विषारी वायू साठतो. त्यात उतरलेला पहिला बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. झाकण उघडून खण हवेशीर झाल्याशिवाय उतरायचे नाही, आणि उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हवा. विंचवर आवरण आणि इंजिन बंद करण्याची कळ ड्रमजवळच्या माणसाच्या हाताशी असावी. जाड लाइफ जॅकेट घालून जाळे ओढता येत नाही ही खलाशांची तक्रार खरी आहे. हलक्या, कामात अडथळा न आणणाऱ्या जॅकेटचा पर्याय त्यामुळेच शोधला पाहिजे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची नौका उलटून दोघांचा मृत्यू झाला, तेव्हा जॅकेटची चर्चा पर्यटकांपुरती झाली. नौका चालवणाऱ्यांच्या अंगावर काय होते, हे कोणी विचारले नाही. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक सुकाणूजवळ रंगवून ठेवायला तर डबाभर रंगही लागत नाही.

कामावर घेतानाच माणसाला भरपाईच्या हक्काची लेखी माहिती द्यावी, आणि ती त्याला समजेल अशी असावी, हे बंधन २०१७ च्या दुरुस्तीने मालकावर आले आणि संहितेतही आहे. त्यासाठी कायद्याने इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक राजभाषा यांची नावे घेतली आहेत. कोकणातील नौकांवर आज नेपाळहून आलेले खलाशी मोठ्या संख्येने आहेत. त्यांचे वारस डोंगरापलीकडच्या गावात असले तरी भरपाईचा हक्क त्यांनाही आहे. पण त्या गावाचा पूर्ण पत्ता आणि घरच्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक मालकाच्या वहीत उचलीच्या आकड्याशेजारी लिहिलेला असेल तरच.